व्ही-8 नाही तर दम नाही, असं कोण म्हणतं?

‘खरा ऑफ-रोड पिकअप हवा असेल तर व्ही-8 घ्या, टर्बो व्ही-6 म्हणजे नुसते कागदावरचे आकडे.’ हे वाक्य थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरत असतं. (व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडरचं मोठं इंजिन; टर्बो व्ही-6 म्हणजे सहा सिलिंडरचं, ज्यात इंजिनाच्याच धुरावर फिरणारा टर्बो जादा हवा कोंबतो.) कारणंही ठरलेली: मोठ्या इंजिनाला खालून ओढ असते, टर्बोला लॅग असतो (पाय दाबल्यावर ताकद यायला उशीर), व्ही-8 जास्त टिकतं आणि मेक्सिकोतल्या बाहाच्या वाळवंटी शर्यतीत ट्रॉफी ट्रक, म्हणजे खास शर्यतीसाठी बांधलेले पिकअप, व्ही-8वरच धावतात. एकेक बघू.

आधी ओढ. फोर्डच्या एफ-150 रॅप्टर या ऑफ-रोड पिकअपमध्ये दोन्ही प्रकारची इंजिनं येऊन गेली, त्यामुळे तुलना सोपी आहे. पहिल्या पिढीतलं 6.2 लिटरचं व्ही-8 411 एचपी आणि 588 एनएम द्यायचं, पण हा टॉर्क (फिरवण्याची ताकद, एनएममध्ये मोजतात) यायचा 4,500 आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला 4,500 फेरे झाल्यावर. 2017च्या रॅप्टरमधलं 3.5 लिटरचं ट्विन-टर्बो व्ही-6 देतं 450 एचपी आणि 691 एनएम, तेही 3,500 आरपीएमलाच. म्हणजे लहान इंजिनाचा टॉर्क जास्त, आणि येतोही आधी. शिवाय टॉर्क चाकापर्यंत गिअरमधून जातो, हे या वादात कोणी धरतच नाही. जुन्या 6-स्पीड गिअरबॉक्सचा पहिला गिअर 4.17चा, नव्या 10-स्पीडचा 4.70चा, चाकांआधीच्या शेवटच्या गिअरचं, म्हणजे डिफरन्शियलचं प्रमाण दोन्हीकडे 4.10. गुणाकार केला तर चाकांपाशी व्ही-8चे साधारण 10,000 एनएम होतात आणि व्ही-6चे 13,300. घर्षणात थोडे दोघांचेही जातील. (2017ची गाडी जवळजवळ सव्वादोनशे किलोंनी हलकी झाली ती अ‍ॅल्युमिनियम बॉडीमुळे. ते श्रेय इंजिनाला देऊ नये.)

एक मान्य. अगदी 1,200 आरपीएमच्या आसपास, टर्बोत दाब बनायच्या आधी, मोठं इंजिन पायाला लगेच जबाब देतं. दगडांवरून इंचाइंचाने चढताना हे जाणवतं. पण तिथे आपण लो-रेंजमध्ये, म्हणजे हळू चालीच्या जादा ताकदवान गिअरमध्ये असतो आणि इंजिनावर तसा भारच नसतो.

आता गंमत बघा. रॅप्टरच्याच जास्त ताकदीच्या रॅप्टर आरमध्ये जे 5.2 लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही-8 बसवलं (सुपरचार्जरही हवा कोंबतो, पण इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून), ते मूळचं मस्टँग शेल्बी जीटी500 या स्पोर्ट्स कारचं. तिथे ते 760 एचपी आणि 847 एनएम देत होतं, टॉर्कचं शिखर 5,000 आरपीएमला. पिकअपमध्ये आणताना सुपरचार्जरची पुली बदलली, ट्यूनिंग बदललं. एचपी 700वर आली, टॉर्क 868 एनएमवर गेला आणि शिखर 4,250ला उतरलं. आठ सिलिंडर आयते असूनही खालची ओढ वेगळी बनवावी लागली. म्हणजे सिलिंडर मोजण्यापेक्षा टॉर्क किती आरपीएमला येतो, हे विचारलेलं बरं.

लॅगची तक्रार खोटी नाही. वाळूत पाय सारखा वरखाली होतो, दर वेळी टर्बो मंदावला तर लय तुटते. पण इंजिनिअर त्यावर हात बांधून बसलेले नाहीत. फोर्डच्याच लहान पिकअपमध्ये, 3 लिटर पेट्रोलच्या रेंजर रॅप्टरमध्ये, बाहा मोडला (वाळवंटात वेगाने पळवायची सेटिंग) अँटी-लॅग आहे: अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही 3 सेकंदांपर्यंत टर्बो फिरता ठेवतात. उलट बाजूही सांगायला हवी. उंचीवर हवा विरळ होते आणि टर्बो-सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर 1,000 मीटरला साधारण 10 टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोतल्या जवळपास 4,000 मीटरवरच्या इमोजिन पासला जुनं 6.2 लिटरचं व्ही-8 एक तृतीयांशाहून जास्त दम हरवून पोहोचतं. टर्बो जरा जास्त वेगाने फिरून ही तूट बरीच भरून काढतो. सुपरचार्जरला ते तितकं जमत नाही, कारण त्याचा वेग पट्ट्याने क्रँकशाफ्टला बांधलेला.

टिकाऊपणाच्या बाबतीत लोक सोयीचं तेवढंच आठवतात. 3.5 लिटर इकोबूस्टमध्ये (फोर्डच्या त्याच टर्बो व्ही-6चं नाव) थंड इंजिन सुरू करताना कॅम फेजर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारे भाग, खडखडतात, हा दोष खरा आणि चांगलाच गाजलेला. पण 2010च्या पहिल्या रॅप्टरमध्ये सुरुवातीला आलेलं 5.4 लिटरचं व्ही-8 आठवा. त्याच घराण्याच्या इंजिनांची कॅम फेजरचीच बोंब होती! टर्बोची खरी अडचण उष्णतेची आहे: दोन टर्बो, इंटरकूलर, जास्तीच्या नळ्या, आणि कमी वेगात रेडिएटरला मिळणारा अपुरा वारा. आक्षेप घ्यायचा तर इथे घ्या.

ट्रॉफी ट्रकचा दाखला तर सोडूनच द्या. ते इंजिन शर्यतीनंतर खोलून पुन्हा बांधतात, वाटेत इंधन भरायला टीम उभी असते. आपल्या गाडीला हे लाड कोण पुरवणार?

राहिला आवाज. तिथे व्ही-8 जिंकतं, वादच नाही.

मी स्वतः सुपरचार्ज्ड व्ही-8 कुणाला सुचवीन? मोठ्या टेकड्यांच्या खोल वाळूत सतत पाय दाबून चालवणाऱ्याला, आणि तेही पेट्रोल पंप जवळ असेल तर. 702 एचपीच्या रॅम टीआरएक्सचा अमेरिकी सरकारी मायलेज आकडा गॅलनला 12 मैल, म्हणजे लिटरला जेमतेम 5 किलोमीटर, आणि तो शहर-हायवेचा. वाळूत त्याहून बराच कमी. लांबच्या निर्जन वाटेवर जायचं असेल तर त्याच कंपनीच्या आरएचओमधलं 3 लिटरचं ट्विन-टर्बो इनलाइन-6 (एका ओळीत सहा सिलिंडर) बघा: 540 एचपी, 706 एनएम आणि पुढच्या चाकांवर कमी वजन. पुढचं टोक हलकं असलं की उडी मारून उतरताना सस्पेन्शनलाही कमी झेलावं लागतं.