‘गोदामात इंजिनिअर कशाला?’ दाजींच्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री अकरा वाजता दाजींनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. ‘पालकांनो सावध! लॉजिस्टिक्स पार्कच्या नावाखाली तुमच्या मुलांना हमाल बनवलं जातंय.’ लॉजिस्टिक्स पार्क म्हणजे माल साठवायच्या आणि पाठवायच्या गोदामांची वसाहत. खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘दहा जणांना पाठवा’. असले मेसेज मी एरवी वाचतही नाही. पण भाचा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या एका गोदामाच्या साइटवर इंटर्नशिप मिळालीय, आणि या फॉरवर्डपायी ती सोडायचं घरात चाललंय. मी स्वतः गोदामांच्या बांधकामात आहे, म्हणून लिहितोय.

पहिला मुद्दा असा: ‘गोदाम म्हणजे चार भिंती आणि पत्रे, तिथे इंजिनिअर कशाला?’

दाजी, तुमचं घर काळ्या रानात आहे. उन्हाळ्यात ओट्याला जाणाऱ्या भेगा पावसाळ्यात मिटतात, हे तुम्ही दरवर्षी बघता. त्याच मातीवर दोन-तीन एकरांची एक अखंड फरशी टाकायची आहे. आधी काळी माती उकरायची, मुरूम भरायचा, पाणी मारून थराथराने रोलर फिरवायचा, प्रत्येक थराची दबाई तपासायची आणि मगच काँक्रीट. एप्रिल-मेमध्ये दिवसा ओतलं तर ते वरून भराभर सुकतं आणि चिरतं, म्हणून आम्ही पहाटे ओततो.

आता रॅकमध्ये माल लावणारा रीच ट्रक घ्या. त्याच्या दोन चाकांत १.२ मीटर अंतर आहे आणि एका चाकाखाली फरशी फक्त ३ मिलिमीटर खाली आहे असं धरा. १० मीटर वर त्याचा माल उचलणारा काटा अडीच सेंटीमीटर कलतो, आणि त्या काट्यावर टनभर माल असतो. मागे एका साइटवर फरशी अशीच वर-खाली झाली होती. रॅक लागायच्या आधी सगळा पट्टा तासून काढावा लागला. चूक लेव्हल घेणाऱ्याची होती आणि तो माणूस मीच. ‘चार भिंती आणि पत्रे’ म्हणे!

दुसरा मुद्दा, ‘गोदामं पूर्वीही होती, आता काय नवीन?’ होती की, पण कराच्या हिशोबाने बांधलेली. परराज्यात विकलं की केंद्रीय विक्रीकर लागायचा, तो चुकवायला कंपन्या राज्याराज्यात छोटे डेपो ठेवायच्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते कारणच संपलं. आता गोदाम कुठे बांधायचं हे रस्ता ठरवतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण झाला, आणि तो जालन्यावरून, संभाजीनगरावरून जातो.

‘हे सगळं पुण्या-मुंबईचं, मराठवाड्यात काही नाही’, हा तिसरा. राज्याचं २०२४ चं लॉजिस्टिक्स धोरण उघडून बघा. संभाजीनगर-जालना राज्यस्तरीय हब आहे, नांदेड-देगलूर प्रादेशिक. त्यातल्या पाच लाख रोजगारांच्या आकड्यावर मात्र मी स्वतः पैज लावणार नाही. जालन्याच्या ड्राय पोर्टची, म्हणजे कंटेनरच्या जमिनीवरच्या बंदराची, पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, त्यानंतर आपण किती वर्षं नुसती वाट बघितली ते तुम्हीही जाणता.

रोबोट येऊन सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, हा चौथा. रोबोटला तर मी टाकतो त्याहूनही सपाट फरशी लागते, आणि ती टाकायला माणसंच लागतात. पुढे चला.

आता ‘हमाल बनवलं जातंय’ यातलं अर्धं खरं. गोदामात सर्वात जास्त माणसं माल चढवणारी-उतरवणारीच असतात, पुष्कळशी ठेकेदाराकडची, आणि त्यांचे पगार सांगायला लाज वाटावी असे. हे नाकारत नाही. पण ‘हमाल’ ही शिवी म्हणून वापरू नका. माथाडी-हमालांनी लढून १९६९ साली स्वतःचा कायदा करून घेतला आहे.

आणि एक दोष आमच्या धंद्याचाही. गाड्यांच्या कंपन्या कॉलेजात येऊन पोरांना प्लँट दाखवतात, गोदामं बांधणारे कुणी फिरकत नाहीत. मग पोरांना कळणार कसं की या धंद्यात जमीन शोधणारा लागतो, सातबारा आणि फेरफार वाचणारा लागतो, जमिनीच्या अकृषिक वापराची कागदपत्रं आणि फायरची एनओसी काढणारा, भाडेकरार बसवणारा लागतो? सातबारा तर अंबडच्या शेतकऱ्याचं पोरगं मुंबईच्या एमबीएपेक्षा लवकर वाचतं. लातूर पॅटर्नमध्ये डॉक्टर आणि इंजिनिअर एवढंच शिकवलं, त्यापुढचं कुणी सांगितलंच नाही.

पाचवा मुद्दा, ‘त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा द्या.’ द्या की! पण अभ्यासिकेत चौथं वर्ष काढणारी पोरं आपल्याच गल्लीत किती आहेत, ते मोजून मग बोलू.

दाजींनी अजून उत्तर दिलेलं नाही, मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतायत. ताईचा मात्र सकाळी फोन आला, सेफ्टी बूट कुठे चांगले मिळतात म्हणून.