जागेवर मिटवू नका

सायकलवाल्याला गाडी धडकली की सांगली-मिरज रस्त्यावर पहिल्या मिनिटात काय ऐकू येतं हे तिथं वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ‘दिसत नाय का रं तुला?’ मग उलट बाजूनं, ‘तूच आडवा आलास.’ आणि आवाज जरा खाली आले की कुणीतरी वडीलधारा मध्ये पडतो, ‘जाऊ द्या की आता, जागेवर मिटवून टाका.’ एवढ्या बोलण्यात पडलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागलाय का, हे बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं.

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुकताच यावरून मोठा वाद झाला. माधवनगर रस्त्यावर पहाटे दाजींच्या गाडीचा धक्का एका दूधवाल्याच्या सायकलीला लागला. दाजी थांबले, त्याला उठवलं, सायकलचं हँडल सरळ करून दिलं, हातात हजार रुपये ठेवले आणि मगच निघाले. तो बिचारा स्वतःच म्हणत होता, ‘काय नाय झालं साहेब, डेअरीला वेळ होतोय.’ घरातल्या बऱ्याच जणांनी दाजींचं कौतुक केलं. कवठेमहांकाळचा आतेभाऊ, ज्याचे द्राक्षाच्या हंगामात दोन ट्रक चालतात, तो म्हणाला की थांबले हेच चुकलं, चार माणसं जमली असती तर दाजींची गाडी फुटली असती. वकिली शिकणारी भाची म्हणाली, पोलिसांत नोंद करायला हवी होती. तिला सगळ्यांनी गप्प केलं.

मी भाचीच्या बाजूची आहे. दाजी मनानं चांगले आहेत, थांबले हेही चांगलंच केलं. पण त्या हजार रुपयांनी त्या दूधवाल्याचं काय काय गेलं, ते मला मांडायचं आहे.

पहिलं म्हणजे त्याचं डोकं. कवटीच्या आत रक्तस्राव सुरू झालेला माणूस कित्येकदा उठून बसतो, बोलतो, घरी चालत जातो. डॉक्टरांना हा मधला शुद्धीचा काळ चांगला माहीत असतो. मग काही तासांनी डोकं दुखू लागतं, उलटी होते, माणूस पेंगू लागतो, आणि घरचे समजतात की थकलाय, झोपू द्या. वेळेत सीटी स्कॅन झाला तर असा माणूस वाचू शकतो, उशीर झाला तर हाताशी काही उरत नाही. म्हणून ‘काय नाय झालं’ हे वाक्य अपघातानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत अजिबात खरं मानू नये. ते बोलणारा माणूस घाबरलेला असतो, लाजलेला असतो, आणि त्याला कामाला उशीर होत असतो. माझे वडील कुपवाड एमआयडीसीत सायकलनं जायचे. पाळी चुकली की अर्धा दिवस कापला जायचा. सायकलवर असणारा माणूस सहसा तोच असतो ज्याला थांबणं परवडत नाही, म्हणून थांबवण्याची जबाबदारी गाडीवाल्याची. सिव्हिलला किंवा जवळच्या दवाखान्यात त्याला नेऊन तपासून घेणं ही मदत आहे. नोट देऊन वाटेला लावणं ही नाही.

दुसरं, त्याचा हक्क. भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो आणि तिथं पहिला आधार पोलिसांतल्या नोंदीचा आणि दवाखान्यातल्या एमएलसीचा, म्हणजे पोलिस केससाठी डॉक्टरांनी केलेल्या नोंदीचा. जागेवर मिटलेल्या अपघाताला यातलं काहीच नसतं. महिन्याभरानं गुडघा सुजला, काम सुटलं, तर तो दूधवाला कुणाकडे जाणार? दाजींच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा नेमका यासाठीच सक्तीचा केलेला आहे. पैसे विमा कंपनीनं द्यायचे होते, ते दाजींनी खिशातून दिले, तेही फार थोडे, आणि त्या बदल्यात समोरच्याचा मोठा हक्क नकळत बुडवला.

मी आइंडहोव्हनला राहते. इथं सायकलींचा सुळसुळाट आहे आणि गाड्यांना धडकणारे सायकलवालेही आहेत. नेदरलँड्स म्हणजे रस्त्यावरचा स्वर्ग असं चित्र सांगलीत रंगवलं जातं, ते खरं नाही. 2023 मध्ये इथं रस्त्यावर 684 माणसं गेली आणि त्यातली 270 सायकलवर होती. धडक देऊन पळणारेही आहेत, आणि पळालेल्या गाडीनं जखमी झालेल्यांसाठी वेगळा भरपाई निधी इथंही ठेवावा लागलेला आहे. तरी एक गोष्ट मला इथं वेगळी दिसली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळणाऱ्या गाडीनं एका आजींना सायकलसकट पाडलं. गाडीवाला उतरला, मागचे दिवे लुकलुकते ठेवले, आजींना उठू दिलं नाही, फोन केला. ॲम्ब्युलन्स गेल्यावर आजींच्या मुलीनं आणि त्यानं बॉनेटवर कागद ठेवून अपघाताचा छापील फॉर्म भरला. आवाज चढला नाही. त्याला राग आला नसेल असं नाही, पण भांडून मिळवण्यासारखं तिथं काही नव्हतं.

कारण कायद्यानं ते भांडण आधीच सोडवून ठेवलंय. इथल्या 1994 च्या वाहतूक कायद्याचं 185 वं कलम सांगतं की मोटारीनं सायकलवाल्याला किंवा पायी चालणाऱ्याला धडक दिली तर नुकसानभरपाई मोटारवाल्याकडून, टाळता येण्यासारखं काहीच नव्हतं हे तो सिद्ध करू शकला तरच सुटका. न्यायालयांनी पुढं ठरवलं की चौदा वर्षांखालच्या मुलाला जवळपास नेहमी पूर्ण भरपाई आणि मोठ्या सायकलवाल्याला, त्याची चूक असली तरी, निदान निम्मी. अनेकांचा इथं गैरसमज होतो की गाडीवाला कायम गुन्हेगार ठरतो. तसं नाही. गुन्हा कुणाचा ते वेगळं तपासलं जातं. हा नियम फक्त पैशांचा आहे, आणि ते पैसे विम्यातून जातात.

आता आपल्याकडचा जमाव आठवा. तोही हेच म्हणत असतो की मोठ्या गाडीनं लहानाचं सोसलं पाहिजे. तत्त्व तेच, आणि माझ्या मते ते योग्य आहे. फक्त इथं त्याची वसुली विमा कंपनीकडून होते आणि आपण ती ड्रायव्हरच्या गालावर करतो. मग ड्रायव्हर पळतो, आणि तो पळाला की सायकलवाल्याच्या पदरात काहीच पडत नाही.

आतेभावाची भीती मी खोटी मानत नाही. जानेवारी 2024 मध्ये ट्रकवाले रस्त्यावर उतरले, पंपांवर रांगा लागल्या, ते याच भीतीतून. नव्या भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाच्या दुसऱ्या भागात, निष्काळजीपणानं माणूस मारून पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा लिहिली होती. ‘थांबलो तर मारतील, पळालो तर दहा वर्षं, मग करायचं काय?’ हा त्यांचा प्रश्न सरळ होता. जुलैमध्ये संहिता लागू झाली तेव्हा तेवढा भाग बाजूला ठेवला गेला. पण त्या सगळ्या गदारोळात त्या प्रश्नाचं उत्तर आधीपासून कायद्यात आहे, हे फार थोड्यांनी सांगितलं. मोटार वाहन कायदा 1988 चा. कलम 134 म्हणतं की ड्रायव्हरनं जखमीला उपचार मिळवून द्यायचे, आणि जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर त्याला सूट आहे. म्हणजे कायद्यानं जमावाची भीती मान्य केलेली आहे. पण सूट तेवढ्यापुरतीच. पोलिसांना कळवण्यापासून सूट नाही. जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, आणि काहीही झालं तरी चोवीस तासांत. डच कायद्यात हीच वेळ बारा तासांची आहे: जखमीला असहाय सोडलेलं नसेल आणि पोलिस पोचण्याआधी माणूस आपणहून हजर झाला, तर पळाल्याचा गुन्हा लागत नाही. घाबरलेल्या माणसाला परत यायची वाट दोन्हीकडे ठेवलेली आहे.

म्हणून आतेभावाला माझं सांगणं असं: विश्रामबागेत धडक बसली आणि माणसं अंगावर आली, तर गाडी तिथून काढ, पण थेट पोलिस ठाण्यात ने. वाटेत 112 ला फोन कर, 108 ची ॲम्ब्युलन्स जागेवर पाठवायला सांग. घरी नको जाऊस, मालकाला विचारत बसू नकोस. साध्या दुखापतीचा गुन्हा जामीनपात्र असतो, नोंद झाली म्हणून कुणी तुरुंगात सडत नाही.

आणि पळण्याची किंमत कोण मोजतो ते आकड्यांत बघ. गाडी सापडली नाही तर सरकारी योजनेतून मृताच्या घरच्यांना 2 लाख, गंभीर जखमीला 50 हजार. गाडी माहीत असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळू शकतात, आणि त्याहून जास्त हवे असतील तर चूक दाखवून कलम 166 चा दावा करता येतो. एप्रिल 2022 पासून हे असंच आहे. नेदरलँड्सच्या ज्या कायद्याचं मी एवढं सांगितलं, त्याचं बी आपल्या कायद्यात पेरलेलं आहे, रक्कम मर्यादित असली तरी. ड्रायव्हर पळाला की मेलेल्याच्या घरातले किमान तीन लाख त्याच्याबरोबर पळतात. 2022 मध्ये देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 30,000हून जास्त धडक देऊन पळालेल्या गाड्यांनी.

मे 2025 पासून कॅशलेस उपचारांची योजनाही आहे, पहिले सात दिवस, दीड लाखापर्यंत. पण तो माणूस रस्ते अपघातातलाच आहे याची पोलिसांकडून खातरजमा लागते. पुन्हा नोंदच.

जागेवर काय करायचं, तेही चुकीचंच चालत आलंय. ‘उचला उचला, रिक्षात घाला’ हे थांबलं पाहिजे. मान किंवा पाठ दुखावलेल्या माणसाला बखोटीला धरून बसवलं तर मणक्याचं नुकसान आणखी वाढू शकतं. आग किंवा अंगावरून गाडी जाण्याचा धोका नसेल तर तो पडलाय तिथंच ठेवावा, आपली गाडी दिवे लावून मागं आडोशाला उभी करावी, रक्त येत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरावं. पाणी पाजू नये, कितीही मागितलं तरी. बेशुद्ध होत जाणाऱ्याच्या ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि ऑपरेशन लागलं तर पोटातलं पाणी त्रास देतं. गाडीचा आणि आपला नंबर, विम्याचा कागद स्वतःहून द्यावा. सायकल हलवण्याआधी फोटो काढावा. मदतीला आलेल्या चहावाल्याला, रिक्षावाल्याला पोलिसांच्या झंझटीची भीती असते. त्याला सांगावं की सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, कायद्यात ते 134 अ म्हणून आलंय, आणि नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

हे सगळं लायसन्स देताना शिकवायला हवं, आणि त्याहून आधी उसाच्या हंगामात. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटले की आष्टा, ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर), तासगावच्या रस्त्यांवर रात्रभर ट्रॉल्या चालतात आणि अंधारात त्यांच्या शेजारून दिवा नसलेली सायकल जात असते. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, ते फार चांगलं आहे. त्याच दिवशी, त्याच वजनकाट्यावर, प्रत्येक ट्रॅक्टर ड्रायव्हरला एक छापील कार्ड द्यावं: 108, 112, जवळच्या पोलिस ठाण्याचा नंबर, विमा पॉलिसीचा नंबर, आणि खाली एक ओळ, की थांबून कळवणाऱ्या ड्रायव्हरची उचल कारखाना कापणार नाही. ही शेवटची ओळ कारखान्याच्या सहीनं छापली गेली पाहिजे. ती नसेल तर बाकीचं कार्ड ड्रायव्हर खिशात ठेवेल आणि गाडी पुढं नेईल. दाजींना मी एवढंच कळवलंय की त्या दूधवाल्याला डेअरीत गाठा, डॉक्टरांकडे न्या, आणि येताना ठाण्यात नोंद करून या. चोवीस तास उलटून गेलेत, तरीही.