‘नाच रे मोरा’ आठवणींवर जगत नाही

पहिला पाऊस पडला की नागपुरातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरू लागतो. यंदाही तो मला पाच-सहा जणांनी पाठवला. ‘नाच रे मोरा’ या गाण्याचा सांस्कृतिक वारसा वगैरे सांगणे ही अतिशयोक्ती आहे, असा त्याचा रोख आहे. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: हे मुळात लोकगीत असून चित्रपटवाल्यांनी ते उचलले, ज्या चित्रपटात ते होते तो आज कोणी पाहत नाही, त्यामुळे उरली आहे ती आशा भोसले यांच्या आवाजाची पुण्याई आणि साठी ओलांडलेल्यांचे स्मरणरंजन, शब्द अगदीच बाळबोध आहेत, मोर पावसामुळे नाचतो ही चुकीची समजूत ते मुलांच्या मनात भरते, आणि विदर्भातल्या, त्यातही आजच्या मुलांशी त्याचा काही संबंध उरलेला नाही. मी नागपुरात तीस वर्षे बालवर्गाला शिकवले आहे. हे गाणे मी जितक्या तोंडांतून ऐकले आहे त्यांची गणती मला करता येणार नाही, म्हणून या मजकुराला उत्तर देणे मला माझे काम वाटते.

लोकगीताच्या मुद्द्यापासून सुरुवात करते. हे गाणे १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातले आहे. दिग्दर्शन राम गबाले यांचे, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची. कवी आणि संगीतकार दोघेही १९१९ साली जन्मलेले, म्हणजे तेव्हा पस्तिशीच्याही आतले, आणि गायिका अवघ्या विशीतली. या नोंदी बाजूला ठेवल्या, तरी गाण्याच्या वापरातच त्याचा पुरावा सापडतो. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात. ती खरी लोकगीते. नागपुरातल्या महाल भागातल्या वाड्यात त्यांचे एक कडवे असते, तर धरमपेठेत दुसरेच, आणि वर्ध्याची मामेबहीण आली की तिच्या तोंडी तिसरेच काहीतरी निघते. कोणाचे बरोबर यावर भांडणेही होतात. ‘नाच रे मोरा’बाबत असे भांडण मी कधी ऐकलेले नाही. गाणे फिरत राहिले, पण शब्द जागचे हलले नाहीत, कारण ते एका कवीने तोलून मापून बसवलेले आहेत. मात्र हे गाणे लोकगीत वाटावे इतके ते सगळ्यांचे झाले आहे, हे मजकुराच्या लेखकाने नकळत मान्य केले आहे.

चित्रपट विसरला गेला, हे मला मान्य आहे. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने तो पाहिलेला नव्हता आणि बहुतेकांच्या पालकांनीही नाही. पण चित्रपट मागे पडला म्हणून गाण्याचा वारसा संपला, हे गणित चुकीचे आहे. त्याच १९५३ साली याच जोडीने, माडगूळकर आणि पु. ल. यांनी, ‘गुळाचा गणपती’साठी ‘इंद्रायणी काठी’ हा अभंग केला आणि भीमसेन जोशींनी तो गायला. आज तो भजनात म्हणणाऱ्या कितीतरी लोकांना तो एखाद्या संताचा वाटतो, चित्रपट त्यांच्या ध्यानीमनीही नसतो. एक गाणे वारीच्या वाटेला लागले, दुसरे बालवर्गात गेले. दोन्ही आपापल्या चित्रपटाच्या आधाराशिवाय जगत आहेत, आणि वारसा याचा याहून वेगळा अर्थ मला तरी ठाऊक नाही.

आशाबाईंच्या आवाजाबद्दल मी आदराने एवढेच म्हणेन की तो आवाज नसता तर गाणे घराघरांत पोचलेच नसते. त्या गायनातला खेळकरपणा आजही ताजा वाटतो. पण पोचणे वेगळे आणि टिकणे वेगळे. माझ्या वर्गातली बहुतेक मुले मूळ ध्वनिमुद्रण न ऐकताच गाणे शिकली: कोणी आजीकडून, कोणी मोठ्या बहिणीकडून, कोणी माझ्याकडून, आणि माझा गळा काही गाण्याचा नाही. ज्या गाण्याचे प्राण केवळ गायिकेच्या आवाजात असतात, ते बेसूर गळ्यांमधून असे पुढच्या पिढीकडे सरकत नाही.

आता शब्दांविषयी, कारण मजकुरातला सर्वांत अन्यायाचा शब्द ‘बाळबोध’ हा आहे. चार कडव्यांत एक संपूर्ण पाऊस आहे. पहिल्यात वारा सुटतो आणि ढग दाटतात, दुसऱ्यात धार लागते, तिसऱ्यात थेंब तळ्यात नाचतात आणि पानांत वाजतात, चौथ्यात रिमझिम थांबून इंद्रधनुष्य उमटते. हा क्रम मुलाला कोणी पाठ करायला लावत नाही. एक कडवे चुकून आधी म्हटले गेले, तर पाऊसच चुकल्यासारखे वाटून मूल स्वतःच थांबते. कडव्याची बांधणी पाहावी. ‘रे’वर संपणाऱ्या दोन लांब ओळी, मग एकमेकींशी यमक जुळवणाऱ्या दोन आखूड ओळी, आणि शेवटी ‘नाच’ ही आज्ञा. लांब ओळींत मूल आभाळाकडे पाहत असते, आखूड ओळींत त्याचे पाय हलू लागतात, आणि ‘नाच’ येईपर्यंत ते जागेवर उभे राहूच शकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट मला वर्गात उमगली. या गाण्याचे हातवारे कोणाला शिकवावे लागत नाहीत. ‘कापूस पिंजला’ म्हणताना दोन्ही हात आपोआप काहीतरी विस्कटू लागतात, विजेची टाळी आली की टाळी वाजते, पिसाऱ्याला दहाही बोटे उघडतात, कमानीला हात डोक्यावर जाऊन जुळतात. वेगवेगळ्या शाळांतून आलेली मुले पहिल्यांदा एकत्र उभी केली, तरी त्यांचे हातवारे जवळजवळ सारखेच असतात, कारण ते त्या शब्दांतच दडलेले आहेत. मजकूर ज्याला स्मरणरंजन म्हणतो त्याच्याशी याचा संबंध कुठे आहे? चार वर्षांच्या मुलाला रमण्यासारख्या जुन्या आठवणी नसतात. ते गाणे आठवत बसत नाही, ते गाणे करते. माझ्या मते ‘नाच रे मोरा’ टिकण्याचे खरे कारण हेच आहे, आणि मजकुराच्या लेखकाने ते पाहिलेलेच नाही. शिवाय या गाण्यात उपदेश नाही. दात घास, लवकर नीज, मोठ्यांचे ऐक, असे काही त्यात नाही. मूल मोराला सवंगडी म्हणते, त्याच्याशी खेळते आणि पाऊस थांबल्यावर ‘तुझी माझी जोडी’ म्हणून मोकळे होते. मुलांसाठी लिहिताना मोठ्या माणसाने स्वतःला इतके पूर्णपणे बाजूला ठेवल्याची उदाहरणे मला फार थोडी दिसतात.

मोराच्या आक्षेपाला फार वेळ देण्याची गरज नाही. मोर पिसारा फुलवतो तो लांडोरीसाठी, हे खरे आहे. पण त्याचा विणीचा हंगाम आपल्याकडे मुख्यतः पावसाळ्यातच येतो आणि पावसाळ्यानंतर तीच लांब पिसे गळून पडतात. म्हणजे पावसात पिसारा फुलवलेला मोर हे निरीक्षण अचूक आहे. पावसामुळे मोर नाचतो असे गाण्यात कुठेही म्हटलेले नाही. त्यात एक मूल मोराला नाचायला बोलावते. नागपूरच्या मुलांना तर हे पुस्तकातून शिकावे लागत नाही, कारण अंबाझरी आणि गोरेवाड्याच्या बाजूला आजही मोर दिसतात.

विदर्भाचा मुद्दा मात्र मला लागला. काळ्या ढगाला काळा पिंजलेला कापूस म्हणणारी ही ओळ कापूस पिकवणाऱ्या मुलखाला परकी कशी होईल? माझ्या लहानपणी पिंजारी दारावर यायचा, त्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकू आला की आम्ही धावत जायचो, आणि तंतू हवेत उडताना पाहून ढग असेच होत असतील असे आम्हाला वाटायचे. त्यात आपल्याकडच्या पावसाची वाट पाहण्याची जात वेगळी आहे. पारा पंचेचाळीस अंशांपुढे जाणारा उन्हाळा सोसून, उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जून सरता सरता आपल्या शाळा उघडतात. मुले वर्गात येतात तेव्हाच बाहेर ढग जमत असतात. शाळेच्या पहिल्या आठवड्यात हे गाणे म्हणताना खिडकीबाहेर खरोखर पहिले कडवे चाललेले असते, आणि हा योग आमच्या वाट्याला दरवर्षी येतो.

राहिला आजच्या मुलांचा प्रश्न. इंग्रजी शाळा वाढल्या, मराठी घरांतूनही मराठी गाणी कमी ऐकू येतात, याचे दुःख मलाही आहे. पण नागपुरातल्या वर्गात निम्मी मुले घरी हिंदी बोलणारी असतात, आणि नेमक्या त्यांच्याकडूनच मला या गाण्याची ताकद कळली. नाच, मोर, वन, काळा, वारा, टाळी: यातले बहुतेक शब्द त्यांच्या घरच्या भाषेत जवळजवळ जसेच्या तसे आहेत, उरलेले त्यांना हातवाऱ्यांवरून समजतात. मराठीचे एक अक्षर न येणारे मूल पहिल्या आठवड्यात हे गाणे म्हणू लागते, आणि बऱ्याच जणांच्या तोंडी आलेले पहिले मराठी वाक्य हेच असते. सगळीच मुले अडतात ती ‘इरली’ या एका शब्दावर, घरी मराठी बोलणारीसुद्धा. मग मी फळ्यावर इरले काढते, बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे, डोक्यावरून पाठीपर्यंत येणारे, आणि सांगते की पावसात शेतात वाकून काम करणारी माणसे हे पांघरतात, तसेच झाडांनीही आपापल्या पानांचे इरले पांघरले आहे आणि ते आता भिजले आहे. त्यानंतर मुले खिडकीतून बाहेरच्या कडुनिंबाकडे बघत राहतात, आणि पुढचे कडवे सुरू करायला मला थोडे थांबावे लागते.