खरी बाई कशी ओळखावी? सोपी पद्धत

समजा उद्या तुम्ही कुठल्या तरी क्रीडा संघटनेवर निवडून आलात आणि बायकांच्या रेसमध्ये खरी बाई कोण हे तुम्हालाच ठरवायचंय, तर टेन्शन घेऊ नका, सायन्स आहे ना पाठीशी. एवढंच लक्षात ठेवा, टेस्ट फसली की टेस्ट बदलायची, आपली समजूत नाही.

सुरुवात नजरेने करा. १९६६ ला बुडापेस्टच्या युरोपियन स्पर्धेत पोरींना डॉक्टरांसमोर कपडे काढून उभं केलेलं. फारच बोंबाबोंब झाली की मॉडर्न व्हा, गालाच्या आतून पेशी खरवडा आणि क्रोमोसोम बघा. स्पेनची हर्डल्सवाली मारिया होसे मार्तिनेझ पातिन्यो १९८३ ला हेलसिंकीत पास झाली, सर्टिफिकेटसुद्धा मिळालं (हो, बाई असल्याचं सर्टिफिकेट असायचं तेव्हा), १९८५ ला जपानमधल्या कोबेला स्पर्धेसाठी जाताना तेच नेमकं घरी विसरली, मग परत टेस्ट आणि यावेळी नापास, क्रोमोसोम एक्सवाय निघाले, म्हणजे एरवी पुरुषांत असतात ते! आता तिचं शरीर टेस्टोस्टेरॉनला, म्हणजे पुरुषी हार्मोनला, दादच देत नव्हतं, म्हणजे त्याचा पळायला उपयोग शून्य, पण असल्या बारकाव्यात आपण शिरायचं नाही. तिची स्कॉलरशिप गेली, ठरलेलं लग्न मोडलं, पेपरात नाव आलं, आणि १९८८ ला सांगितलं की ये बाई, खेळ.

१९९० ला एसआरवाय जीन (वाय क्रोमोसोमवरचा, गर्भात वृषणं घडवायला सुरुवात करणारा) सापडला रे सापडला की तो धरा. १९९६ ला अटलांटात ३३८७ जणींमध्ये ८ जणींकडे तो निघाला आणि आठही जणींना खेळू दिलं, मग १९९९ ला ऑलिंपिकवाल्यांनी सरसकट टेस्टच बंद केली. खचू नका, आता टेस्टोस्टेरॉन मोजा. २०१४ ला आपली धावपटू द्युती चंदला टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून कॉमनवेल्थमधून बाहेर काढलं तर ती पोरगी थेट क्रीडा लवादात गेली आणि २०१५ ला नियमच स्थगित करून आली, काय म्हणावं! मग थोडी वर्षं जाऊ द्या आणि २०२५ ला ॲथलेटिक्समध्ये तोच जुना एसआरवाय नव्या पॅकिंगमध्ये परत आणा, टेस्ट आयुष्यात एकदाच फक्त. हा जीन शोधणाऱ्यांपैकी अँड्र्यू सिंक्लेअर स्वतः म्हणतात की यासाठी तो वापरू नका, पण त्यांना काय कळतंय, त्यांनी नुसता शोधलाय.

आणि हो, ही तपासणी पुरुषांना लावत बसू नका. फिनलंडचा स्कीअर एरो मॅन्टीरान्ता, जीनमधल्या बदलामुळे रक्तात लाल पेशी इतरांपेक्षा कितीतरी जास्त, ऑलिंपिकची ७ मेडल्स. त्याच्या बाबतीत म्हणायचं, काय स्टॅमिना आहे गड्याचा!