लाभार्थ्यांचे पॅन कार्ड

गेल्या मंगळवारी दुपारी पावणेदोनच्या सुमारास एका बँकेतल्या मॅडमनी माझ्याकडे गिधाडांची पॅन कार्डे मागितली. मागितली ती अत्यंत सौजन्याने. झेरॉक्स चालेल, पण ओरिजिनल दाखवावे लागेल, असेही त्यांनी सांगितले.

मी गिधाडांच्या संवर्धनासाठी काम करणाऱ्या एका लहानशा न्यासाचा मानद खजिनदार आहे. मानद म्हणजे बिनपगारी, आणि खजिनदार म्हणजे ज्याच्याकडे खजिन्याऐवजी खजिन्याच्या पावत्या असतात तो. हे पद मी मागितलेले नाही. सभेला मी वीस मिनिटे उशिरा पोहोचलो, आणि तोवर माझ्या नावाला सूचक व अनुमोदक दोन्ही मिळून प्रोसिडिंग बुकात ‘सर्वानुमते मंजूर’ असे लिहून झालेले होते. त्यानंतर ठरावाची सत्यप्रत, सर्व विश्वस्तांचे फोटो, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांच्या मुदतीत दाखल केलेल्या बदल अर्जाची पोच आणि संस्थेचा गोल शिक्का घेऊन मी त्या शाखेच्या चार फेऱ्या केल्या. पहिल्या खेपेस शिक्का चौकोनी होता, त्यामुळे ती फेरी हिशेबात धरू नये.

पाचव्या फेरीला ‘लाभार्थी मालक’ नावाचा तक्ता निघाला. न्यासात १० टक्के किंवा अधिक हितसंबंध असलेल्या प्रत्येक लाभार्थ्याचे नाव, पत्ता, जन्मतारीख आणि पॅन क्रमांक त्यात भरायचा असतो. काळा पैसा पांढरा करणारे सापडावेत म्हणून हा नियम आहे, आणि त्याला माझा विरोध नाही. परंतु आमच्या खात्यात त्या दिवशी ३७,६०० रुपये होते, ते सगळे पांढरे होते, आणि केवायसी अपुरे असल्यामुळे त्यातला एकही रुपया बाहेर येत नव्हता.

“न्यास कोणाच्या फायद्यासाठी आहे, सर?”

“गिधाडांच्या.”

मॅडमनी ते टंकले. मग पुढच्या रकान्यापाशी थांबून त्यांनी पॅन विचारले. संगणक तो रकाना रिकामा सोडू देत नव्हता, यात त्यांचा काही दोष नव्हता, हे मला आज कळते. त्या क्षणी कळले नाही.

याच वेळी माझ्या शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, “किती आहेत?”

पासबुक छापायचे यंत्र सकाळपासून बंद असल्यामुळे एक वयस्कर गृहस्थ पारदर्शक पिशवीत पासबुक धरून तिथे बसले होते. कुठल्याशा खात्यातून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालो, असे त्यांनी मला न विचारताच सांगितले. त्यांना वाचायला वर्तमानपत्र नव्हते आणि मी होतो.

“काय किती आहेत?”

“गिधाडं हो. दहा टक्क्यांची अट आहे ना? मग आधी डोकी मोजायला हवीत.”

कोकणातल्या एका गावाबाहेरच्या झाडांवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची एक वसाहत आहे, तेवढीच आम्ही सांभाळतो. मी म्हणालो, “मागच्या मोजणीला नऊ होती.”

काकांनी डोळे मिटले. “शंभर भागिले नऊ. अकरा पूर्णांक अकरा शतांश. म्हणजे प्रत्येक जण मर्यादेच्या वर. मॅडमचं बरोबर आहे, फॉर्म भरावा लागणार. नऊ फॉर्म.”

मॅडमनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले आणि ड्रॉवरमधून नऊ फॉर्म मोजून काढले.

“मुळात गिधाडांना वाचवायचं कशाला?” काकांनी आता खुर्चीच वळवून घेतली. “मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात ती.”

या प्रश्नाची मला सवय आहे. वाघासाठी वर्गणी मागितली तर लोक आधी फोटो पाहतात आणि मग खिशात हात घालतात. गिधाडासाठी मागितली तर फोटो पाहून हात खिशातून बाहेर काढतात. मी त्यांना नेहमीचे ऐकवले: जनावरांना सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्याने त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि १९९०च्या दशकापासून पंधरा-एक वर्षांत या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली, २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली ३ मिलिलिटरची करावी लागली.

“डायक्लोफेनॅक? ते तर मी गुडघ्यासाठी रोज घेतो.” काका विचारात पडले. “म्हणजे मी मेलो तर माझं त्यांना चालायचं नाही?”

“नाही चालणार.”

त्यांच्या चेहऱ्यावर स्थळाकडून नकार आल्यासारखा भाव उमटला. काही वेळ त्यांनी पिशवीतले पासबुक उगाच सरळ केले. मग हिशेबनीस पुन्हा जागा झाला.

“तुम्ही असं करा, संख्या वाढवा. दहा करून भागणार नाही, नियमात ‘किंवा अधिक’ आहे. अकरा करा. नऊ पूर्णांक नऊ शतांश. एकही फॉर्म लागणार नाही. दोनच तर वाढवायचीत!”

दोनच. या पक्ष्याची जोडी वर्षाला एक अंडे घालते. ते उबवून पिल्लू उडेपर्यंत निम्मे वर्ष जाते, आणि मधल्या काळात झाड तुटले, वादळ आले किंवा कुणी शेजारच्या रानात विषारी मढे टाकले की ते वर्ष बुडाले. गेली बारा वर्षे आठ-दहा माणसे रविवार मोडून, पेट्रोल जाळून, घरच्यांची बोलणी खाऊन नेमकी हीच दोन वाढवण्याच्या मागे लागलेली आहेत. दूरवरून डायक्लोफेनॅकमुक्त ढोर आणून टाकण्यासाठी टेम्पो करतो, तर लेखापरीक्षक ‘मृत बैल, वाहतुकीसह, १,८०० रुपये’ या व्हाउचरवर बैलाच्या मालकाची सही मागतात. सही आणली, तर तिच्याखाली तारीख नव्हती. मी या न्यासात आलो तो दुर्बीण गळ्यात अडकवून हिंडण्याच्या हौसेपोटी. गेल्या चौदा महिन्यांत मी एकही गिधाड पाहिलेले नाही. गोल शिक्का मात्र रोज पाहतो.

हे काही मी काकांना बोललो नाही. मी फक्त “प्रयत्न करतो” असे म्हणालो. तेवढ्यात यंत्र सुरू झाले, काका उठले आणि जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अकरा झाली की कळवा.”

मॅडमनी अखेर तो प्रश्न वरिष्ठांकडे पाठवला आहे. आठवडा लागेल.

वसाहतीवर देखरेख करणाऱ्या मुलाचे मानधन मात्र आठवडाभर थांबणारे नव्हते. तो रोज पहाटे झाडाखाली जाऊन बसतो आणि दोनशे पानी वहीत लिहितो, त्याच्या एका पानाचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे: “१२ डिसेंबर, सकाळी ७.१०. एक अंड्यावर. दुसरे काटकी घेऊन आले. काटकी पडली. परत गेले.” त्याचे सहा हजार मी संध्याकाळी स्वतःच्या खात्यातून पाठवले. आता धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विश्वस्तांना न्यासासाठी कर्ज घेता येत नाही, त्यामुळे ते मी दिलेले उसने म्हणून दाखवता येईना. देणगी दाखवावी लागली. रात्री जेवण झाल्यावर पावतीपुस्तक काढून मी स्वतःच्या नावाची पावती फाडली, खाली खजिनदार म्हणून सही केली, गोल शिक्का मारला, आणि मग लक्षात आले की एक रकाना राहिला आहे.

देणगीदाराचा पॅन क्रमांक. कार्ड शोधायला उठलो.