घोडी विण्याआधी तबेला ‘गच्च बंद’ करा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काल चुलतभावाने मला हा मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘खिडक्यांना आजच ताडपत्री मारू का?’ त्याच्या घोडीचे दिवस भरत आलेत, म्हणून हे लिहितोय. मेसेज सांगतो: तबेला बंद करा, पंधरा दिवस लीद-मूत काढू नका, त्यानेच ऊब राहते, घोडीला अगाडी-पिछाडी (पुढून-मागून दोरांनी) बांधा, खाली लाकडाचा भुसा टाका, अंधार ठेवा, नाळ लगेच कापा.

लीद-मुताची ऊब! मुतातून अमोनिया सुटतो, तो बंद खोलीत कोंडतो आणि जमिनीलगतच जास्त झोंबतो. शिंगरू पडून असतं ते तिथेच. शिवाय घोडीच्या वारेतून (पिलाला आईशी जोडणाऱ्या गर्भवेष्टनातून) रोगप्रतिकारक द्रव्यं पोटातल्या पिलाला मिळत नाहीत. ती मिळतात चिकातून, म्हणजे विल्यावरच्या पहिल्या दुधातून. चीक पोटात जाईपर्यंत शिंगरू रोगांपुढे उघडं असतं, आणि त्याची ओली नाळ तुम्ही पंधरा दिवसांच्या घाणीत टेकवणार? नाळेतून शिरलेले जंतू रक्तात आणि सांध्यांत पोचतात. उबेचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करतो: ओल्या शिंगराला वाऱ्याचा झोत लागता कामा नये. त्यासाठी खालची बाजू आडोशाची आणि वरची हवेशीर ठेवा. घोडीला मात्र महिनाभर आधीच त्या जागी आणा, म्हणजे तिथल्या जंतूंविरुद्धची ताकद तिच्या चिकात उतरते.

बांधणं तर घातकच. कळा सुरू झाल्या की घोडी उठते, बसते, लोळते. त्या हालचालीत पिलू सरळ होतं. पाणमोट (पिलाभोवतीची पाण्याची पिशवी) फुटल्यावर साधारण अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. बांधलेली घोडी भिंतीला पाठ लावून बसली तर पिलाला यायला जागाच नाही. किमान बारा बाय बारा फूट, जमल्यास चौदा बाय चौदा फूट मोकळी खोली द्या. खिळे, तारा, बादली, सगळं बाहेर.

भुशाबद्दल अमेरिकेतल्या अश्ववैद्यांच्या संघटनेचा, ‘एएईपी’चा, सल्ला सरळ आहे: भुशापेक्षा काड (वाळलेला पेंढा) बरं. भुसा ओल्या नाकपुड्यांना, नाळेला चिकटतो. नाळ कापूच नका. ती आपोआप तुटते.

अंधाराचंही अर्धंच खरं. घोड्या बहुतेक रात्रीच वितात आणि गर्दीने बिचकतात, म्हणून उजेड मंद असावा. पण असावाच. आधी पांढुरका पडदा दिसला तर ठीक. लाल, मखमली पिशवी दिसली तर वार आधीच सुटलीय, पिलाचा प्राणवायू तुटतोय. ती तिथल्या तिथे फाडून शिंगरू ओढून घ्यावं लागतं, डॉक्टर येईपर्यंत थांबता येत नाही. पांढरं की लाल, हे काळोखात कसं कळणार?