लिंकनच्या अपयशांची ती यादी अर्धीच आहे

"धंद्यात बुडाला, निवडणूक हरला, परत बुडाला, २७ व्या वर्षी नर्व्हस ब्रेकडाऊन, मग हरतच गेला आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष झाला" हा अब्राहम लिंकनचा मेसेज दर निकालाच्या सीझनला फिरतो. पोरांना धीर द्यायला पाठवतात हे कळतं, पण त्यात माणूसच चुकीचा उभा राहतो.

१८३२ ला तो इलिनॉय राज्याच्या विधानसभेची निवडणूक हरला हे खरं. पण न्यू सेलम या गावात येऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि तिथल्या ३०० पैकी २७७ मतं त्यालाच पडली, म्हणजे ओळखणाऱ्यांनी त्याला भरभरून मत दिलं. दुकान बुडालं तेही खरंच. पार्टनर बेरी १८३५ ला वारला आणि सगळं कर्ज याच्या डोक्यावर, घोडा आणि मोजणीची साधनं लिलावात निघाली तेव्हा एका शेजाऱ्याने ती विकत घेऊन त्याला परत दिली, आणि लिंकनने पुढे कित्येक वर्षं ते देणं फेडलं.

आता यादीत काय नाही ते बघा. १८३४, ३६, ३८, ४० असा सलग चार वेळा तो इलिनॉयच्या विधानसभेवर निवडून आला. ज्या १८३६ ला 'ब्रेकडाऊन' दाखवतात त्याच वर्षी तो निवडूनही आला आणि वकिलीचं लायसन्सही मिळालं. वकिली तर अशी चालली की इलिनॉय सेंट्रल रेल्वेकडून एका केसची ५००० डॉलर फी त्याने कोर्टात जाऊन वसूल केली.

"१८४८ ला काँग्रेसची निवडणूक हरला" हे तर साफ खोटं (काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद), तो उभाच नव्हता, पक्षात एकेक टर्म वाटून घ्यायचं ठरलं होतं. १८५६ च्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीचंही तसंच, त्याने ती मागितलीच नव्हती, तरी पक्षाच्या अधिवेशनात ११० मतं पडली.

मला सगळ्यात लागतं ते १८५५ च्या सिनेटचं. तेव्हा सिनेटर आमदार निवडायचे, पहिल्या फेरीत लिंकन सगळ्यात पुढे आणि त्याच्यासारखाच गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणाऱ्या ट्रंबुलकडे फक्त पाच मतं. पण ट्रंबुलचे ते पाच आमदार हटेनात आणि गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध न करणारा मॅटेसन निवडून येतोय असं दिसल्यावर लिंकनने आपली माणसं ट्रंबुलकडे वळवली आणि त्याला जिंकवलं. हे अपयश कसं?

१८५८ च्या सिनेट निवडणुकीत प्रतिस्पर्धी डग्लसने ५४-४६ ने हरवलं, तेही आमदारांच्या मतांनी. त्या निवडणुकीत दोघांच्या झालेल्या वादसभांची पेपरातली कात्रणं लिंकनने स्वतः जपून ठेवली आणि १८६० ला त्यांचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी तो राष्ट्राध्यक्षपदाला उभा होता.